माया पुरत नाही

शाळेतली मावशी, अंगणवाडीची मदतनीस, वर्गात एखाद्या मुलाशेजारी बसणारी सहायक, वस्तीत फिरून कुणाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र तर कुणाचा निराधार योजनेचा अर्ज मार्गी लावणारी कार्यकर्ती. या सगळ्यांबद्दल बोलताना आपल्याला एकच विशेषण सुचतं : मायाळू. शाल-श्रीफळ देताना तेच, नेमणूक करतानाही तेच. बाई शांत आहे ना, मुलांत रमते ना, हाताला चपळ आहे ना, मग उद्यापासून या. उद्या तिच्यासमोर सहा-सात वर्षांचं एक मूल बसवलं जातं. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याची मान सावरत नाही आणि दुपारी त्याला खिचडी भरवायची असते. ती त्याला मांडीवर आडवं घेते, डोकं जरा मागे कलतं करते आणि वरून घास सोडते. घरच्या तान्ह्याला तिनं असंच भरवलेलं असतं. या मुलाचा घास मात्र अशानं श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्याला ताठ बसवायचं, पाठीला आणि पायांना आधार द्यायचा, हनुवटी किंचित खाली ठेवायची, चमचा समोरून तोंडाच्या पातळीवर आणायचा आणि पहिला घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. गोष्ट एवढीशीच, पण ती नुसत्या मायेतून उमजत नाही. कुणीतरी दाखवावी लागते आणि चारदा करून घ्यावी लागते.

शिक्षण सहायक आणि समुदाय कार्यकर्त्या घडवणाऱ्यांसाठी लिहिलेलं हे पुस्तक अशा दाखवण्याचं आणि करून घेण्याचं पुस्तक आहे. प्रस्तावनेत लेखकांचं कौतुक करायची रीत आहे, ते मी पुढे करीनच. आधी या कामाची बाजू मांडायला हवी. कारण जे काम शिकावं लागतं हेच लोकांना मान्य नाही, त्याच्या प्रशिक्षणाचं पुस्तक कुणी विकत का घ्यावं, हा प्रश्न उरतोच.

खरं तर या शिक्षणाचा महाराष्ट्रातला वारसा जुना आहे आणि पहिल्या प्रतीचा आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे ताराबाई शहरातल्या बालमंदिरांवर समाधान मानून थांबल्या नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. आज देशभर सरकारी पाटीवर दिसणारी अंगणवाडी तिथली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेल्या पोरीला शिकता यावं म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. माँटेसरीच्या महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पानं आणि खडे यांनी घेतली.

ही हकिगत आपण सांगतो ती दोन थोर बायकांची म्हणून. त्या थोर होत्याच. पण ताराबाई आणि अनुताई पाड्यापाड्यांवर एकाच वेळी असू शकत नव्हत्या. रोज सकाळी मुलांना गोळा करणं, त्यांची नखं कापणं, त्यांना न्हाऊ घालणं, गाणी म्हणवून घेणं आणि दुपारी कोणत्या मुलानं बियांच्या किती राशी केल्या ते लिहून ठेवणं, हे सगळं दुसऱ्या कुणीतरी करायचं होतं. त्या 'दुसऱ्या कुणाला' तयार करणं हा त्या प्रयोगाचा निम्मा भाग होता. तो आपल्या आठवणीतून गेला. पुतळे संस्थापकांचे होतात, ते ठीकच आहे. मात्र सहायकांना तयार करण्याची पद्धत टिपून ठेवली असती, तर नंतरच्या पिढ्यांना तीच वाट पुन्हा चाचपडावी लागली नसती.

ही पद्धत सर्वांत स्वच्छ दिसते ती शाळेच्या क्षेत्रात नव्हे, आरोग्याच्या क्षेत्रात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावोगावी प्रशिक्षित परिचारिका ठेवायचा त्यांचा पहिला बेत चालला नाही. परक्या गावात एकटीनं राहणं त्या मुलींना अवघड होतं आणि गावालाही त्या परक्या होत्या. मग गावातलीच बाई निवडायची ठरलं. निवडल्या गेलेल्यांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या आणि बऱ्याच जणी दलित होत्या. ज्यांच्या हातचं पाणी गावातली काही घरं पीत नव्हती, त्याच त्या घरांत बाळंतीण बघायला जाणार होत्या. एकदाच पंधरा दिवस कोंडून सगळं शिकवायचं आणि प्रमाणपत्र देऊन पाठवायचं, असा तिथला शिरस्ता नव्हता. बायका दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत आणि थोडं शिकून परत जात. पुढच्या आठवड्यात शिकलेल्यातलं काय चाललं आणि काय फसलं ते सांगत. त्यावरून पुढचा धडा ठरे. असं वर्षानुवर्षं चाललं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातले डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. त्यांना शिकवणाऱ्यांत या बायकाही होत्या.

आठवड्याच्या या फेरीत जे होतं ते आजही बहुतेक प्रशिक्षणांत सापडत नाही. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे हॉल, बॅनर, फाईल, पेन, चहा, दुपारचं जेवण, शेवटी गटचर्चा आणि ग्रुप फोटो. त्यात शिकवलेलं चूक असतं असं नव्हे, बऱ्याचदा ते उत्तमच असतं. पण बाई परत वर्गात जाते, तिथे दहाव्या मिनिटाला काहीतरी वेगळंच घडतं, आणि विचारायला जवळ कुणी नसतं. पुढचं प्रशिक्षण वर्षानं, तेही नव्या विषयावर. मधल्या काळात ती आपल्या परीनं मार्ग काढते. तो कधी फार चांगला असतो, कधी घातक असतो, आणि दोन्ही वेळा कुणाला कळत नाही.

गडचिरोलीतलं उदाहरण वेगळ्या कारणासाठी सांगण्यासारखं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था स्थापन केली. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा अधिक, त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा अधिक श्वास झाले तर धोका. निरक्षर दाईला तिथवर न चुकता मोजता येत नसे, शिवाय हातात घड्याळही नाही. कुणी म्हटलं असतं, या बायकांना हे जमणार नाही. तिथे साधन बदललं गेलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याच्या जोडीला मण्यांची पाटी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, लाल मणी सरकला की बाळाला न्यूमोनिया आहे असं समजून उपचार सुरू करायचे. पुढे त्यांनी तयार केलेल्या आरोग्यदूतांनी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली आणि जंतुसंसर्गावर इंजेक्शनंही दिली. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आज आशा ताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, बाळाचं वजन आणि ताप बघते, त्यामागे हा अनुभव आहे. शिकणारीला येत नसेल तर शिकवण्याची रीत किंवा साधन बदलायचं, तिच्या अकलेवर शेरा मारायचा नाही. या पुस्तकातल्या चित्रांच्या तक्त्यांमागे हीच शिस्त दिसते.

आता शाळेकडे वळतो, कारण तिथे प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे.

मुंबई आणि बडोद्यात 'प्रथम' या संस्थेनं बालसखीचा कार्यक्रम चालवला. दहावी-बारावी झालेली वस्तीतलीच मुलगी महापालिकेच्या शाळेत येई. तिसरी-चौथीतली जी मुलं वाचन-गणितात मागे पडली असतील अशा पंधरा-वीस जणांना रोज सुमारे दोन तास बाजूला घेऊन ती शिकवी. सुरुवातीला प्रशिक्षण दोन आठवड्यांचं, मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यक्रमाची काटेकोर तपासणी केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत मागे असलेल्यांची सर्वांत जास्त. बालसखीकडे न जाता वर्गातच राहिलेल्या मुलांच्या वर्गातली पटसंख्या कमी झाली, त्या मुलांना मात्र तेवढ्यानं फायदा झाल्याचं दिसलं नाही.

या अभ्यासाचा हवाला देऊन 'बघा, दोन आठवडे पुरतात, पगारही लागत नाही' असं म्हणणारे मला भेटले आहेत. त्यांनी निष्कर्ष वाचला, कारण वाचलं नाही. बालसखीचं काम अरुंद होतं. ही मुलं, हे दोन तास, अक्षरओळख आणि अंकओळख, हे साहित्य, आणि वर्षभर मागे उभी असलेली संस्था. तिला काय करायचं ते ठाऊक होतं, आणि काय करायचं नाही तेही.

याच्या शेजारी इंग्लंड-वेल्समधला अनुभव ठेवून पाहावा. तिथे वर्गात शिक्षकाबरोबर सहायक असणं ही दोन-तीन दशकांत सर्वसाधारण गोष्ट झाली. लंडनच्या पीटर ब्लॅचफर्ड यांच्या गटानं २००३ पासून काही वर्षं चाललेल्या मोठ्या पाहणीत या सहायकांच्या कामाचा मुलांवर काय परिणाम होतो ते तपासलं. निष्कर्षानं सगळेच चरकले. ज्या मुलांना सहायकाची मदत सर्वाधिक मिळत होती, त्यांची प्रगती तशाच पण कमी मदत मिळालेल्या मुलांपेक्षा कमी होती. मुळात मागे असलेल्यांनाच जास्त मदत मिळते, हे लक्षात घेऊन हिशेब केला तरी कमीच. संशोधकांनी दोष सहायकांना दिला नाही. सहायक शेजारी बसला की शिक्षक त्या मुलाकडे वळेनासा होतो. शिकवणं कुणी न ठरवता सहायकाकडे जातं. आज काय शिकवायचं आहे हे सहायकाला वर्गात शिरल्यावर कळतं, कारण दोघांना एकत्र बसायला वेळच ठेवलेला नसतो. मग सहायकाचा सगळा जीव उत्तर पूर्ण करून घेण्यात अडकतो. वही भरते, मूल शिकत नाही.

अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाचे मायकेल जिआंग्रेको यांनी त्याआधीच, १९९७ मध्ये, अपंग मुलांच्या सहायकांविषयी असंच काही लिहून ठेवलं होतं. मोठं माणूस सतत खेटून बसलं की वर्गमित्र त्या मुलाजवळ येत नाहीत, शिक्षक त्याला आपलं मानत नाही आणि मूल प्रत्येक गोष्टीसाठी त्या माणसाच्या तोंडाकडे बघू लागतं. आपल्या मोठ्या शहरांतल्या काही खासगी शाळांत 'शॅडो टीचर' नावाची नेमणूक असते आणि तिचा पगार पुष्कळदा पालक देतात. तिथे हेच चित्र दिसतं. फरक इतकाच की आई फाटकातून 'माझ्या लेकराला एकटं सोडू नका हं' असं बजावून जाते आणि सहायक ते अक्षरशः पाळते.

या साऱ्यातून एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते तीच या पुस्तकाचा कणा आहे : सहायकाच्या प्रशिक्षणाचा अवघड भाग मदत करणं हा नाही, मदत कमी करत जाणं हा आहे. माया इथे आडवी येते. मायेला घाई असते. मूल धडपडताना दिसलं की हात पुढे जातोच.

हात मागे घेण्याचं तंत्र आहे आणि ते शिकवता येतं. चौथं प्रकरण त्याच्यासाठीच आहे. ते वाचण्याआधी चड्डी घालण्याचं उदाहरण घ्या. आपण साहजिकपणे पहिल्या पायरीपासून शिकवू : एक पाय घाल, आता दुसरा. मूल पहिल्याच पायरीला अडकतं, रडतं, आणि शेवटी आपणच चड्डी चढवून देतो. शिकलेली सहायक उलट्या टोकानं सुरू करते. सगळं ती करते आणि चड्डी मांडीपर्यंत आणून थांबते. शेवटचं वर ओढणं तेवढं मुलाचं. ते जमलं की ती गुडघ्यापाशी थांबते, मग घोट्यापाशी. दर वेळी काम पुरं करणारा हात मुलाचाच असतो. हातावर हात ठेवून मदत करायची असेल तेव्हाही पायऱ्या आहेत. आधी मुलाच्या हातावर आपला हात, मग तो मनगटावर, मग कोपरावर, मग नुसती बोटानं खूण, मग शब्द, आणि शेवटी शब्दही नाही, गप्प राहून दहा अंक मोजायचे. मनातल्या मनात दहा मोजणं किती कठीण असतं ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. नव्या सहायकांकडून हा सराव करून घेताना बहुतेकींचा हात चार-पाचलाच पुढे जातो.

हात कधी मागे घ्यायचा हे ठरवायला बघता यावं लागतं, म्हणून निरीक्षण. 'मुलगा हट्टी आहे, जेवायच्या वेळी धिंगाणा घालतो' हे निरीक्षण नाही, तो निकाल आहे. 'घंटा झाली की दोन्ही कानांवर हात ठेवतो, ताटल्यांचा आवाज सुरू झाला की दाराकडे पळतो, बाहेर ओट्यावर बसवलं तर पूर्ण जेवतो' हे निरीक्षण. पहिल्या वाक्यातून शिक्षा निघते. दुसऱ्यातून निघतं ते ओट्यावरचं ताट, आणि त्यापायी शाळेचा एक पैसाही खर्च होत नाही. लेखकांनी निरीक्षणवहीचे खरे नमुने नावं बदलून छापले आहेत आणि काही ठिकाणी त्याच मुलावरच्या दोन सहायकांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. पुस्तकातली ती पानं मला सर्वांत मोलाची वाटली. कुठलंही भाष्य न करता ती शिकवतात.

आकडी येणाऱ्या मुलाबद्दलचं प्रकरण लहान आहे आणि तसंच असायला हवं. कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाशी नेऊ नका, दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हटवा, मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, आकडी पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना गाठा. हे पान फाडून वर्गाच्या भिंतीवर लावायला मी परवानगी मागितली होती. लेखकांनी ते सुटं छापून पुस्तकाच्या मागे जोडलंच आहे.

वस्तीतलं काम पुस्तकाच्या उत्तरार्धात येतं. वरवर ते वेगळं दिसतं. इथे मूल नसतं, कुटुंब असतं. वर्ग नसतो, तहसील कचेरी असते. अपंगत्वाच्या युडीआयडी ओळखपत्राची नोंदणी, जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी तपासणीचा ठरलेला वार, उत्पन्नाचा दाखला, आधारकार्डावरच्या नावातली वेलांटी आणि रेशनकार्डावरच्या नावातली वेलांटी जुळत नाही म्हणून परत आलेली फाईल. कार्यकर्तीला हे सगळं पाठ असावं लागतं. कोणत्या टेबलावर कुणाला काय विचारायचं हीही एक विद्याच आहे. पण इथेही मोह तोच. अडाणी आई रांगेत भांबावते, साहेब खेकसतो, तेव्हा कार्यकर्ती म्हणते, द्या इकडे, मीच करून आणते. एक फाईल होते. पुढच्या वर्षी हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की ती आई पुन्हा हिच्या दारात. म्हणून पहिल्या खेपेला बोलायचं आपण, दुसऱ्या खेपेला बोलेल आई आणि आपण तिच्या मागे उभ्या राहायचं, तिसऱ्या खेपेला आईनं वस्तीतल्या दुसऱ्या एखाद्या आईला घेऊन जायचं. वर्गात मनगटावरून कोपरावर गेलेला हात इथे खिडकीवरून रांगेत मागे सरकतो.

वस्तीतल्या कामाला आणखी एक काच आहे, तो गावचीच असण्याचा. परकी परिचारिका टिकली नाही म्हणून जामखेडनं गावची बाई निवडली, ते बरोबरच होतं. पण गावच्या बाईला गावचं सगळं ठाऊक असतं. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या पोरीला चौथीत असूनही अंथरुणात लघवी होते, कुणाचा मुलगा रात्री काय पिऊन येतो. गृहभेटीत कळलेलं पाणवठ्यावर निघालं की त्या घराचं दार कायमचं बंद होतं. तरी काही गोष्टी अशा असतात की त्या गुप्त ठेवणंच गुन्हा ठरतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग अत्याचार करणारा घरातलाच कुणी का असेना. कशाबद्दल तोंड मिटायचं आणि कशाबद्दल उघडायचंच, ही रेघ प्रशिक्षणात आखून घ्यावी लागते. भावकीतल्या माणसाविरुद्ध पोलीस ठाण्यात जाणाऱ्या बाईच्या पाठीशी संस्था उभी राहणार आहे की नाही, हेही त्याच वेळी तिला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

आता पैशांविषयी. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. तिथल्या सेविका आणि मदतनीस यांना मिळतं ते वेतन नव्हे, मानधन. २०१८ मध्ये केंद्रानं ठरवलेला आकडा सेविकेला महिना साडेचार हजार आणि मदतनिसाला दोन हजार दोनशे पन्नास. राज्यं त्यात आपली भर घालतात. काम पूर्ण दिवसाचं, रजिस्टरं डझनभर, वर मोबाईलवर पोषण ट्रॅकर. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस बेमुदत संपावर गेल्या, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदाच कळलं की या बायका सरकारी नोकर नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तोही कोर्टाच्या पायऱ्या बऱ्याच चढल्यानंतर. २०२२ सालीच जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशा कार्यकर्त्यांचा जागतिक सन्मान केला. त्यांच्याही मोबदल्यातला काही भाग कामागणिक मोजूनच मिळतो. माया स्वभावात असते असं एकदा मानलं की तिचा पगार द्यावा लागत नाही आणि तिचं प्रशिक्षणही करावं लागत नाही. म्हणून 'तुमच्यासारखी माया कुणाकडे आहे हो' हे वाक्य व्यासपीठावरून ऐकलं की मला पुढच्या ओळीत बसलेल्या बायकांच्या मानधनाचा आकडा आठवतो.

हालचाल अगदीच नाही असंही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम सुचवला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि शाळांत आधार देणारी माणसं तयार करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. भारतीय पुनर्वास परिषदेनं २०२१ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या साहाय्यानं वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. तो पूर्ण करणाऱ्याला 'दिव्यांग मित्र' म्हणतात. या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाला वजन दिलं आहे, ही समाधानाची बाब. पण सहा महिन्यांनंतर काय, हा जामखेडचा प्रश्न तिथेही शिल्लक आहे.

लेखकांशी माझे मतभेद दोन ठिकाणी आहेत आणि ते त्यांना माहीत आहेत. पहिला असा की पुस्तक सुरुवातीपासून अखेरपर्यंत वाचकाला 'ताई' म्हणतं. बहुतेक वाचक ताईच असतील, मान्य. पण चौदा वर्षांच्या, अंगानं वाढलेल्या, स्वतः स्वच्छतागृहात जाऊ न शकणाऱ्या मुलाला मदत करायला पुरुष सहायक लागतो. तो मिळत नाही म्हणून असे मुलगे सातवी-आठवीत शाळा सोडतात. या कामात दादांना आणायचं असेल तर पुस्तकानं निदान एकदा त्यांना हाक मारायला हवी होती. दुसरा मतभेद परीक्षेबद्दल. शेवटच्या प्रकरणात लेखकांनी पन्नास गुणांची लेखी चाचणी दिली आहे. ती काढून टाका, असं मी सुचवलं होतं. ज्या बाईला मुलाला भरवताना बघून पाच मिनिटांत जोखता येतं, तिला 'भरवण्याची योग्य पद्धत लिहा' असं विचारून काय साधणार? प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना कागद लागतो, असं त्यांचं उत्तर होतं. खरं आहे. मी तरीही प्रशिक्षकांना सांगेन की ती चाचणी घ्यायचीच असेल तर तोंडी घ्या.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. शाळेतल्या सहायकांना शिकवणाऱ्यांनी निरीक्षणाचं प्रकरण आधी घ्यावं, मग चौथं. कायद्यांचं दुसरं प्रकरण शेवटी घेतलं तरी चालेल, कारण सुरुवातीलाच कलमं आली की निम्म्या जणी मनातून उठून जातात. पहिल्या आठवड्यात कुणालाही एकटीनं मुलासोबत बसवू नये. अनुभवी सहायकाच्या मागे स्टूल टाकून नुसतं बघायला आणि लिहायला लावावं. वर्गशिक्षिकेला पहिल्या दिवसापासून प्रशिक्षणात ओढावं, नाहीतर शिकलेली सहायक आणि न शिकलेली शिक्षिका अशी जोडी जमते आणि तिथे हरते ती सहायकच. आठवड्यातून एकदा, शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास, दोघींनी एकत्र बसून येत्या आठवड्याचं ठरवावं. मुख्याध्यापकांनी तो अर्धा तास वेळापत्रकात शाईनं लिहावा. वस्तीतल्या कार्यकर्त्यांसाठीही असाच एक ठरलेला दिवस असावा, त्याचा एसटीचा खर्च संस्थेनं द्यावा, आणि त्या दिवशी नवं काही शिकवण्याआधी गेल्या आठवड्यात काय फसलं ते विचारावं.